‘पॅसिफिक’ संस्थेची पस्तीस वर्षे : निष्पक्षपणाची परीक्षा

निष्पक्ष व्यासपीठ म्हणजे ज्याला स्वतःचे मत नाही असे व्यासपीठ, अशी आपली समजूत असते. ‘इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्स’चा इतिहास वाचताना ही समजूत मला अपुरी वाटू लागली. १९२५ मध्ये होनोलुलूला स्थापन झालेल्या या संस्थेचा नियम साधा होता : प्रशांत महासागराभोवतीच्या देशांतील जाणकारांनी सरकारी प्रतिनिधी म्हणून न येता एका टेबलाभोवती बसायचे, बोलायचे, संस्थेने मात्र कोणत्याही वादात ठराव करायचा नाही.

नियमाची पहिली कसोटी लवकरच लागली. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानी सैन्याने मांचुरियात कारवाई सुरू केली आणि पुढच्याच महिन्यात शांघायच्या परिषदेत चिनी व जपानी सभासद समोरासमोर बसले. ही संस्थेची मोठी कमाई होय. पण १९३८ पासून चीन-जपान युद्धावर अभ्यासमाला सुरू होताच जपानी शाखेने हरकत घेतली. संस्थेने अभ्यास थांबवला नाही, आणि १९३९ च्या परिषदेला जपानी आले नाहीत. माझ्या मते संस्था इथे बरोबर होती. आक्रमणाचा अभ्यास न करणे हा निष्पक्षपणा नव्हे.

हीच कणखर वृत्ती मॉस्कोबाबत मात्र दिसत नाही. सोव्हिएत शाखा १९३४ मध्ये आली. ती टिकावी म्हणून संस्थेच्या धुरिणांनी तिची बरीच मनधरणी केली. ‘पॅसिफिक अफेअर्स’चे संपादक ओवेन लॅटिमोर यांनी १९३८ च्या एका संपादकीय टिपणात स्टालिनच्या मॉस्को खटल्यांची भलामण केली. संस्थेचा खरा दोष हा आहे. एकाला प्रश्न विचारायचा आणि दुसरा उठून जाईल म्हणून त्याला विचारायचा नाही, हे व्यासपीठाचे अपयश होय.

१९५१-५२ मध्ये सिनेटर मॅककॅरन यांच्या उपसमितीने चौकशी केली, ती या दोषाची नव्हती. चीनमध्ये कम्युनिस्ट जिंकले, म्हणून कोणीतरी चीन ‘गमावला’ असणार, हे गृहीत धरून तिने गुन्हेगार शोधला. लॅटिमोर यांची बारा दिवस साक्ष झाली. पुढे त्यांच्यावर खोटी साक्ष दिल्याचे सात आरोप ठेवले गेले. प्रमुख आरोप न्यायालयात टिकले नाहीत आणि १९५५ मध्ये सरकारने खटला सोडला. त्याच वर्षी संस्थेची करसवलत गेली, देणग्या आटल्या. करसवलतीचा निकाल नंतर संस्थेच्या बाजूने लागला, पण तोवर उशीर झाला होता. १९६० मध्ये संस्था बंद पडली. समितीने खऱ्या चुकीला कटाचे रूप दिले, त्यामुळे चुकीची शांत तपासणी कित्येक वर्षे लांबली. संस्थेचे समर्थक तो दोषही नाकारू लागले, हे आणखी एक नुकसान.

या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. १९५० ची परिषद लखनौला भरली; नेहरूंनी तिच्यापुढे भाषण केले. भारतीय शाखा म्हणजे ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’. तिचे दीर्घकाळचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू हे गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचेही अध्यक्ष होते. अभ्यास करून बोलावे, ही गोखल्यांची शिकवण दोन्हीकडे सारखीच लागू होती.

सान फ्रान्सिस्कोची शाखा १९४७ मध्ये वेगळी झाली आणि तिच्यातून उत्तर कॅलिफोर्नियाचे जागतिक घडामोडींचे चर्चापीठ उभे राहिले. ‘पॅसिफिक अफेअर्स’ कॅनडात गेले आणि आजही निघते. मूळ संस्था गेली, तरी तिची चर्चेची रीत टिकली.

आपल्या व्याख्यानमालांचे संयोजक पुढील वर्षाची यादी करायला बसतील, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंचे वक्ते मोजावेत. पण एवढ्यावर थांबू नये. कोणता प्रश्न, कोणाच्या रुसव्याच्या भीतीने, आपण विचारलाच नाही, हेही एका कागदावर लिहून पाहावे.