जक्कलच्या सावलीत बाकीचे

आंबीतल्या तुम्हा मुलांना जक्कल ठाऊक आहे तो नाना पाटेकरांचा, ‘माफीचा साक्षीदार’मधला. काम जबरदस्त, वादच नाही. पण माझी तक्रार तिथंच आहे. एकजण इतका भयंकर दिसला की बाकीचे आपोआप सुटतात! अहो, जोशी-अभ्यंकर खून खटल्यात १९८३ साली येरवड्यात चौघं फासावर गेले. पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातली ही पोरं, आणि पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र. तो खून जानेवारी १९७६मधला, पुढचे ऑक्टोबरअखेर. मधले नऊ महिने कुणीही पोलिसांकडे जाऊ शकत होता. म्हणून मुनव्वर शाहचं तुरुंगातलं आत्मकथन मला जास्त अस्वस्थ करतं. ‘येस, आय अॅम गिल्टी’. नावातच ‘मी’ आहे, जक्कलमागे लपायची सोय नाही.