गुप्तहेराचे वय

काही वाङ्मयीन पात्रांना त्यांच्या निर्मात्याने वय दिलेले असते; परंतु लोकप्रियता लाभताच ते त्यांच्याकडून काढून घेतले जाते. इअन फ्लेमिंगचा जेम्स बाँड हा अशा पात्रांपैकी एक होय. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मूनरेकर’ या कादंबरीत फ्लेमिंगने एक नियम नमूद करून ठेवला आहे. ज्यांच्या क्रमांकाआरंभी दोन शून्ये आहेत अशा हेरांनी ४५व्या वर्षी ते काम सोडावे आणि मुख्य कचेरीत टेबलाशी बसावे. सरकारी नोकरीत वयाच्या साठीचा विचार मनात बाळगणाऱ्या माझ्यासारख्या वाचकास हा तपशील विलक्षण जिवंत वाटतो. मृत्यूच्या दाढेत वारंवार शिरणारा हा पुरुषही अखेर सेवानियमांनी बांधलेला नोकर आहे, आणि आपली किती वर्षे उरली याचा हिशेब तोही मनाशी करीत असतो.

चित्रपटांनी हा नियम पाळला नाही. १९६२ साली ‘डॉ. नो’ प्रदर्शित झाला तेव्हा शॉन कॉनरी ३२ वर्षांचा होता. १९६९ साली जॉर्ज लेझन्बी एका चित्रपटापुरता आला, १९७१ साली कॉनरी परतला, आणि १९७३ साली रॉजर मूरने ही भूमिका स्वीकारली. नवा नट आणला म्हणजे पात्र तरुण होते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु मूर हा कॉनरीहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठा होता! ‘लिव्ह अँड लेट डाय’ पडद्यावर आला तेव्हा त्याचे वय ४५ होते. फ्लेमिंगने ज्या वयात बाँडला टेबलाशी बसविले असते, नेमक्या त्याच वयात मूर कामावर रुजू झाला, आणि १२ वर्षांत ७ चित्रपट करून १९८५ साली, ५७व्या वर्षी, त्या कामातून मोकळा झाला. आपण फार वेळ थांबलो, हे त्याने स्वतःच पुढे हसत हसत मान्य केले.

यावर असे उत्तर देता येईल की, ००७ हे एक पद आहे. पदधारी बदलतात, पद राहते. किंवा असेही म्हणता येईल की, एकच चीज निरनिराळे गवई गातात, तशी ही एकच भूमिका निरनिराळे नट करतात. ही दोन्ही उत्तरे आकर्षक आहेत, पण पुरेशी नाहीत. पदाला स्मृती नसते आणि चिजेला विरह होत नाही. १९६९ सालच्या चित्रपटात लेझन्बीच्या बाँडची पत्नी लग्नाच्याच दिवशी मारली जाते. १९८१ साली ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या आरंभी मूरचा बाँड तिच्या थडग्यावर फुले वाहतो, आणि त्या थडग्यावर १९६९ हेच साल कोरलेले आहे. दुःख एका नटाने भोगावे आणि त्याचे स्मरण दुसऱ्याने करावे, असा हा प्रकार आहे. ज्या पात्राला भूतकाळ आहे त्याला वयही असलेच पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

हे वय नाकारण्याची किंमत कोणी मोजली, हे १९८३ साली दिसून आले. त्या वर्षी उदयपूरच्या सरोवरात व महालांत चित्रित झालेला ‘ऑक्टोपसी’ आला. आपल्याकडील कबीर बेदी आणि विजय अमृतराज त्यात असल्याने अनेकांना तो आठवत असेल. त्यात मनीपेनीला एक तरुण मदतनीस दिली आहे, आणि मनीपेनीच्या ओसरलेल्या रूपावर विनोदही केला आहे. ती भूमिका १९६२पासून करणारी लोइस मॅक्सवेल आणि मूर हे दोघेही १९२७ सालचे! एकाच वयाच्या दोघांपैकी स्त्रीला म्हातारपण मिळते, पुरुषाला मात्र सुंदरी मिळते. याच वर्षी अन्य निर्मात्यांनी कॉनरीला घेऊन ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ काढला. कलादृष्ट्या तो फार उंचीचा नाही. तथापि त्यातील बाँडला वरिष्ठ प्रकृती सुधारण्यासाठी आरोग्यगृहात धाडतात. निदान एक गोष्ट त्या चित्रपटाने प्रामाणिकपणे मान्य केली.

हा प्रामाणिकपणा मुख्य मालिकेत यावयास २०१२ साल उजाडावे लागले. ‘स्कायफॉल’मधील डॅनियल क्रेगचा बाँड पुनःप्रवेशाच्या परीक्षेत नापास होतो, आणि त्याची वरिष्ठ ते लपवून त्याला कामगिरीवर पाठविते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत तो टर्नरच्या एका चित्रासमोर बसलेला असतो. ट्रफाल्गारच्या लढाईत पराक्रम गाजविलेली ‘टेमेरेअर’ ही युद्धनौका मोडीत काढण्यासाठी ओढून नेली जात आहे, असे ते चित्र. शेजारी येऊन बसणारा तरुण हाच नवा शस्त्रतज्ज्ञ असतो. क्रेग त्या वेळी ४४ वर्षांचा होता, म्हणजे फ्लेमिंगच्या नियमाच्या उंबरठ्यावर. माझ्या मते या मालिकेतील हा सर्वांत परिपक्व प्रसंग होय. येथे वय हा नटाचा दोष राहिला नाही, तो पात्राचा आशय झाला.

२००६ साली क्रेगच्या आगमनाबरोबर कथा नव्याने सुरू करण्यात आली होती. २०२१ साली ‘नो टाइम टु डाय’मध्ये तिचा नायक मरण पावला. यामुळे पुष्कळ प्रेक्षक दुखावले. मला मात्र हा शेवट न्याय्य वाटतो. पूर्वी नट जात असे आणि पात्र काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालत असे. या वेळी नट आपले पात्र बरोबर घेऊन गेला. यास्तव त्यानंतर येणाऱ्या नटाने क्रेगचा वारसदार म्हणून येण्याचे कारण नाही. तो त्याच नावाची दुसरी कथा सांगावयास येईल, आणि आपले तारुण्य उसने न घेता आपल्याबरोबर आणील.

नट बदलणे हा विश्वासघात नव्हे. बदलण्याची वेळ टळून गेल्यावरही कॅमेऱ्याला खोटे बोलावयास लावणे, आणि त्या खोट्याचा भार शेजारच्या स्त्रीवर टाकणे, हा खरा विश्वासघात होय. फ्लेमिंगने आपल्या नायकाला निवृत्तीचे वय दिले, त्यात त्याला माणूस मानण्याचा मोठेपणा होता. पडद्यावरच्या बाँडला तो मान मिळण्यास अर्धे शतक लागले.