योसेफाच्या बाकावरचा सापळा

न्यूयॉर्कच्या ‘क्लॉइस्टर्स’ संग्रहालयात ‘मेरोद’ या नावाने ओळखले जाणारे तीन फळ्यांचे एक चित्र आहे. रॉबर्ट काम्पँच्या चित्रशाळेतले, १४२७ ते १४३२ च्या सुमाराचे. मधल्या फळीवर देवदूत मरीयेला येशूच्या जन्माची वार्ता देतो आहे. उजवीकडच्या फळीवर म्हातारा सुतार योसेफ कामात गढला आहे. लूकच्या शुभवर्तमानात या प्रसंगी योसेफ हजर नाही. इथे मात्र त्याला अख्खे दुकान मिळाले आहे. बाकावर उंदराचा सापळा, आणि दुसरा खिडकीबाहेरच्या फळीवर विक्रीला मांडलेला. देवदूताच्या शेजारी उंदीर पकडण्याचे साधन कशाला?

मायर शापिरोने १९४५ मध्ये याचे उत्तर संत ऑगस्टीनच्या प्रवचनांत शोधले. क्रूस हा सैतानासाठी लावलेला सापळा आणि ख्रिस्ताचा मृत्यू हे त्यातले आमिष, असे ऑगस्टीन सांगतो. मरीयेला नवरा असल्यामुळे बाळाचे देवत्व सैतानाच्या लक्षात आले नाही, असेही जुने धर्मपंडित मानत.

हा अर्थ मला पटतो. पण त्यानंतर अभ्यासकांनी चित्रातल्या प्रत्येक वस्तूमागे धर्मार्थ शोधायला सुरुवात केली. योसेफ गिरमिटाने ज्या फळीला भोके पाडतो आहे, ती कशाची? पानोफ्स्कीच्या मते पाय शेकण्याच्या चौरंगाचे झाकण. कोणाला ती मासेमारीच्या आमिषाची पेटी वाटली, कोणाला द्राक्षरसाची गाळणी. एका फळीचे इतके अर्थ निघतात, तेव्हा चित्राकडे पाहणे सुटून कोडे सोडवणेच उरते.

माझ्या मते सापळ्याचे बळ तो विकाऊ असण्यात आहे. तो निव्वळ धर्मचिन्ह असता, तर खिडकीत मांडायचे कारण नव्हते. मध्ययुगीन नाटकांत योसेफ हा अनेकदा हसण्यावारी न्यायचा म्हातारा. १४१६ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेपुढे ज्याँ जेर्सोंने त्याच्या थोरवीवर प्रवचन केले, ते याच काळात. चित्रकारही त्याला मान देतो, पण डोक्यामागे तेजोवलय न काढता, हाताला काम देऊन. सैतान फसला तो समोरचे कुटुंब साधे वाटल्यामुळे. या सुताराला किरकोळ समजून जो प्रेक्षक नजर मधल्या फळीकडेच ठेवतो, तोही त्याच सापळ्यात सापडतो.