दुसरा गारवा

बँकेत माणूस खाते उघडायला येतो तेव्हा हसतमुखाने येतो. दुसऱ्यांदा येतो तो पासबुक उघडूनच. 'गारवा'नंतर आलेला 'सांज गारवा' मी असाच, पासबुक उघडून ऐकला.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस 'गारवा' आला तेव्हा मी बी.कॉम.च्या वर्गात ताळेबंद जुळवीत होतो. मिलिंद इंगळे यांचे संगीत आणि आवाज, शब्द सौमित्र यांचे. म्हणजे किशोर कदम, पुढे 'फँड्री'त बाप झालेले. आधी कवी स्वतः कविता म्हणणार, मग गाणे. कविता ऐकायला मराठी माणूस खिशात हात घालील, हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हते. कॅसेट मात्र घराघरांत वाजू लागली. रिक्षात, पानाच्या गादीवर, लग्नाच्या मांडवात (तेही वैशाखात!) तोच पाऊस.

खरे सांगायचे तर पावसात हुरहुर वाटणे हा पुण्या-मुंबईचा शोध. आम्हां महाडकरांना पाऊस लागला की आधी गांधारीचे पाणी कुठवर आले ते बघावे लागते. प्रेयसी मागाहून. तरीही मी ती कॅसेट झिजवली. विशीत काय वाटून घ्यायचे हेसुद्धा कोणीतरी सांगावे लागते, आणि गाण्याआधीची ती कविता नेमके तेवढेच काम करायची. आज ऐकले की वाटते, गाणे स्वतः बोलले असते की!

मग 'सांज गारवा' आला. पाऊस मागे सरकला, संध्याकाळ पुढे आली. मी एकदा ऐकला आणि स्टाफरूममध्ये निकाल दिला, "चांगला आहे हो, पण ते नाही." 'ते' म्हणजे काय, कोणी विचारले नाही म्हणून अब्रू वाचली. दोष थोडा करणाऱ्यांचाही आहे. नावातच 'गारवा' ठेवला की मागची शिल्लक पुढे ओढली जाणारच. वेगळे नाव असते तर मीही नवे पान उघडले असते.

भाचा सांगतो, मँचेस्टरच्या 'द स्टोन रोझेस' या बँडचा पहिला अल्बम १९८९ला गाजला आणि दुसरा यायला १९९४चा डिसेंबर उजाडला. नाव काय, तर 'सेकंड कमिंग'! पाच वर्षांची मुदत ठेव, आणि वर लोकांना व्याज पाहिजे.

जुलै २००५मध्ये महाडात पाणी भरले. दासगाव, जुई या गावांवर दरडी आल्या, माणसे गेली. त्यापुढे आमचे नुकसान सांगण्यासारखे नव्हे, पण तळमजल्यावरच्या चिखलात 'गारवा' गेला. 'सांज गारवा' माळ्यावर होता, कारण कोणी ऐकत नव्हते. त्यानंतर बरेच दिवस पावसाचे गाणे लावायला हात धजेना. शेवटी माळ्यावरची कॅसेट खाली आली.

तुलनेला पहिली हाताशी नव्हती, तेव्हा कुठे दुसरी ऐकू आली. तिच्यात काही घडत नाही, असे मी म्हणालो होतो. खरेच घडत नाही. उजेड जातो आणि माणूस घरी परतायचा राहतो, एवढेच. चाल कुठे घाई करीत नाही, आवाजही तुमची मनधरणी करीत नाही. पहिल्यात वीस वर्षांचा मुलगा आहे. दुसऱ्यात कॅश टॅली न झालेला माणूस मला दिसतो. त्या मुलाला वर्षातून चार महिने काम, ह्याला बाराही महिने.

हल्ली पोलादपूरच्या शाखेत आहे. संध्याकाळी स्टँडवर महाडची गाडी येईपर्यंत फोनवर तेच लावतो. परवा मधेच घरून फोन आला.

"अहो, तिकडं सावित्रीला पाणी किती?"

"बेताचं आहे."

"मग या लवकर. आणि येताना मेणबत्त्या घेऊन या."