दिसते ते आणि वाटते ते

नववीच्या वर्गात एकदा मी एका जुन्या हस्तलिखितातील आकृतीची झेरॉक्स प्रत फिरवली. मध्ये एक वर्तुळ, त्याच्याभोवती एकाच दिशेने वळत गेलेल्या पट्ट्या आणि मधल्या जागेत चांदण्या. ‘हे काय आहे?’ एवढाच प्रश्न विचारला. भोवरा, रांगोळी, पंख्याची पाती अशी उत्तरे आली. मग एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ही दीर्घिका आहे.” वर्गात कुजबुज झाली आणि पुढच्या दोन मिनिटांत सगळ्यांनाच तेथे दीर्घिका दिसू लागली. मी तिला शाबासकी दिली. ती इतक्या घाईने द्यायला नको होती, असे आता वाटते. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

ही आकृती ‘व्हॉयनिच हस्तलिखित’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथातील आहे. विल्फ्रिड व्हॉयनिच या पुस्तकविक्रेत्याने 1912 मध्ये तो इटलीत विकत घेतला. 1969 पासून तो अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. सुमारे 240 पानांच्या या ग्रंथाची लिपी आजवर कोणालाही सर्वमान्य होईल अशा रीतीने वाचता आलेली नाही. त्यात वनस्पतींची, स्नान करणाऱ्या स्त्रियांची आणि आकाशाची चित्रे आहेत. मजकूर मुका असल्यामुळे सगळे ओझे चित्रांवर पडते आणि चित्राला आपण काहीही बोलायला लावू शकतो. येथेच धोका आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक विल्यम न्यूबोल्ड यांनी 1921 मध्ये जाहीर केले, की हा ग्रंथ तेराव्या शतकातील रॉजर बेकन याचा आहे, बेकनपाशी दुर्बीण होती आणि ही वळणदार आकृती म्हणजे देवयानी तारकासमूहातील तेजोमेघ आहे. न्यूबोल्ड हे काही सोम्यागोम्या नव्हते; विद्वान आणि प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणूनच त्यांची चूक आपल्या उपयोगाची आहे.

हा दावा तीन कसोट्यांवर घासून पाहू. पहिली कसोटी काळाची. ग्रंथाच्या चर्मपत्राचे कार्बन-14 पद्धतीने कालमापन 2009 मध्ये ॲरिझोना विद्यापीठात झाले. जनावरांची ती कातडी 1404 ते 1438 या काळातील निघाली. बेकन 1292 च्या सुमारास वारला. तेव्हा हे हस्ताक्षर त्याचे नव्हे. पण कोणी म्हणेल, की ही मूळ ग्रंथाची नंतर केलेली नक्कल असेल. म्हणजे केवळ काळावरून निकाल लागत नाही.

दुसरी कसोटी आकाशाची. देवयानीची दीर्घिका अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसते. अल्-सूफी याने 964 मध्ये तिची नोंद लहानसा ढग अशी केली होती. पण ती आपल्याला वरून दिसत नाही. थाळी डोळ्यासमोर जवळजवळ आडवी धरावी, तशी ती लांबट दिसते. दुर्बिणीला डोळा लावला तरी तेथे फिकट लंबगोल डागच दिसतो. त्यातील सर्पिल रचना उघड झाली ती आयझॅक रॉबर्ट्स यांनी 1888 मध्ये काढलेल्या छायाचित्रामुळे. फोटोची काच तासन्‌तास प्रकाश साठवते, डोळ्याला ते जमत नाही. हस्तलिखितातील आकृती मात्र समोरून पाहिल्यासारखी गोल आहे. म्हणजे बेकनपाशी दुर्बीण असती तरी देवयानी पाहून हे चित्र काढता आले नसते. चित्र पंधराव्या शतकातले, पण पाहणारे डोळे छायाचित्रांवर पोसलेले! माझ्या विद्यार्थिनीचेही तेच झाले. तिने हस्तलिखित पाहिलेच नाही. तिला पुस्तकातला फोटो आठवला.

तिसरी कसोटी पद्धतीची. अक्षरांच्या फटकाऱ्यांत सूक्ष्म चिन्हे दडलेली आहेत, असे न्यूबोल्ड मानत. ती भिंगाखाली वेचायची आणि मग अक्षरांचा क्रम बदलून शब्द जुळवायचे. जॉन मॅनली यांनी 1931 मध्ये दाखवून दिले, की ही ‘चिन्हे’ म्हणजे चर्मपत्रावर वाळलेल्या शाईला पडलेल्या भेगा आहेत आणि अक्षरे अशी हवी तशी फिरवायची मुभा असेल, तर कोणताही मजकूर काढता येतो. न्यूबोल्ड 1926 मध्येच वारले होते. ज्या पद्धतीतून कोणतेही उत्तर निघू शकते, तिच्यातून निघालेल्या उत्तराला काही किंमत नसते.

मग आकृत्यांतून काहीच कळत नाही का? तसेही नाही. दुसऱ्या एका पानावर मध्यभागी चेहरा असलेला गोल आहे आणि एका बाजूला सात ताऱ्यांचा पुंजका. या कृत्तिका असाव्यात, असे अनेकांना वाटते. वाटणे गैर नाही. मात्र ‘सात’ या आकड्यावर फार विसंबू नये. नुसत्या डोळ्यांनी बहुतेकांना सहाच तारे दिसतात. आपल्याकडे कार्तिकेयाच्या माता सहा, तर ग्रीकांच्या बहिणी सात. म्हणजे हा आकडा परंपरेचा आहे, निरीक्षणाचा नव्हे. तरी युरोपातील चित्रकाराने कृत्तिका सात काढाव्यात, हे स्वाभाविक आहे.

भाषाशास्त्रज्ञ स्टीफन बॅक्स यांनी 2014 मध्ये याच्या पुढे जाऊन पुंजक्याशेजारचा शब्द ‘टॉरस’, म्हणजे वृषभ, असा वाचावा असे सुचवले. आता पायऱ्या मोजा. तारे कृत्तिकाच असले पाहिजेत. शेजारचा शब्द त्यांच्याविषयीच असला पाहिजे. तो कृत्तिकांचे नाव नसून राशीचे असला पाहिजे. आणि अक्षरांचे उच्चार तसेच असले पाहिजेत. प्रत्येक पायरी खरी असण्याची शक्यता निम्मी धरली, तर चारही खऱ्या असण्याची शक्यता सोळात एक उरते. ‘निम्मी’ हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे, पण गुणाकार विसरून चालत नाही.

याउलट राशिचक्राची पाने पाहा. वर्तुळाच्या मध्यभागी मासे, मग मेंढा, बैल, जुळे, खेकडा, सिंह, कन्या, तराजू, विंचू आणि धनुर्धारी. मेष आणि वृषभ यांची दोन-दोन चित्रे आहेत. धनुर्धारी अर्धा घोडा नसून दोन पायांचा माणूस आहे. तरीही ओळख पक्की आहे, कारण येथे एकच साम्य नाही, दहा साम्ये आहेत, आणि तीही ठरलेल्या क्रमाने. शिवाय हा अर्थ एक भाकीत करतो: धनूनंतर मकर आणि कुंभ हव्यात. ग्रंथात त्या नाहीत. पण पानांवर घातलेल्या क्रमांकांत धनूच्या 73 व्या पानानंतर एकदम 75 येते! पान हरवले आहे ते नेमके हवे तेथेच.

येथेही हात राखून बोलावे. बहुतेक राशींभोवती तीस स्त्रिया आहेत. मेष आणि वृषभ यांच्या प्रत्येक चित्रात पंधरा-पंधरा. बारा गुणिले तीस म्हणजे 360 अंश, असे म्हणायचा मोह होतो. पण मीनेभोवती 29 च आहेत. हा चित्रकाराचा प्रमाद असेल किंवा त्याला वेगळेच काही सांगायचे असेल. समीक्षकाने ते 29 लपवू नयेत, एवढे नक्की.

या सगळ्याचा वर्गात उपयोग काय? ग्रंथालयाने सर्व पानांची छायाचित्रे इंटरनेटवर खुली केली आहेत. एखादे पान नाव न सांगता द्या आणि वहीत तीन रकाने आखायला सांगा. पहिल्यात ‘दिसते’, दुसऱ्यात ‘वाटते’, तिसऱ्यात ‘काय सापडले तर माझे वाटणे चुकीचे ठरेल’. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर दुसऱ्याला गुण देऊ नका.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला पुन्हा उभे केले आणि देवयानीचे छायाचित्र दिले. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “सर, ही तर चपटी आहे. जुळत नाही.” खरी शाबासकी त्या वेळची.