गाणं नसेल तेव्हा व्हायोलिनं काय करणार?

२०१६ साली ‘सैराट’ चित्रपट आला आणि करमाळ्याच्या रानात सिंफनी ऑर्केस्ट्रा घुमला. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. नुसत्या तंतुवाद्यांचे ४५ वादक होते. आमच्या सोलापुरात ज्या कुणाला संगणकावर तंतुवाद्यांची रचना करून पाहावीशी वाटते, त्याच्या कानात बहुधा हाच आवाज असतो. पण तो व्हिडिओ गेमचं संगीत करायला बसला, की हा आदर्श त्याला अर्ध्या वाटेवर सोडतो.

‘सैराट’मधलं ‘याड लागलं’ ऐका. आवाज ओळ सोडतो तिथं तंतुवाद्यं ती उचलतात, अंतऱ्याआधी फुलतात आणि आवाज परतला की मागं सरतात. ही रीत मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या अरेंजरांनी घडवली. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस होते. स्टाफ नोटेशनवर हुकमत असूनही ही मंडळी व्हायोलिनांना अनेकदा एकसुरात, फार तर सप्तकाच्या अंतरानं वाजवायला लावत. सगळ्यांचे हात एकाच सुरावरून घसरले तर मींड ठसठशीत उमटते; चार वेगळे सूर एकाच वेळी घसरले, की राग गढूळ होतो. हा जाणत्या कानाचा निर्णय होता आणि तो मला आजही मोठा वाटतो.

गेममध्ये मात्र गायक नसतो आणि वेळही ठरलेली नसते. खेळणारा एका दारापाशी वीस सेकंद थांबेल किंवा वीस मिनिटं. म्हणून संगीत थरांत लिहावं लागतं. खाली चेलो आणि डबल बेसची आवर्तनं, मध्ये व्हायोलाचे लांब सूर, वर व्हायोलिनं. शत्रू आला की एक थर चढतो, गेला की उतरतो. उरलेल्या थरांना तेवढ्यानं पोरकं वाटता कामा नये. शिवाय तुकड्याचा शेवट त्याच्याच सुरुवातीला बेमालूम मिळावा लागतो. शेवटच्या सुराची आस पुढच्या फेरीत मिसळली नाही, तर सांधा लगेच कळतो. ऑस्टिन विंटरी यांचं संगीत असलेल्या ‘जर्नी’ या गेममध्ये (२०१२) टीना ग्वो यांचा चेलो वाळवंटातल्या एकट्या प्रवाशाची सोबत करतो आणि संगीत खेळणाऱ्याच्या चालीनं उलगडत जातं. ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोचलेला तो गेमचा पहिला साउंडट्रॅक.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. दैवतं आपल्या पुराणांतली, संगीतकार ग्रीक, लिनॉस त्झेलोस. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की अरेंजिंगची एवढी परंपरा असताना या कामासाठी चटकन ओठांवर यावं असं आपलं एकही नाव मला सुचत नाही. आपण वरची ओळ सुरेख लिहितो. मधले आवाज, विशेषतः व्हायोला, भरणीला ठेवतो. वरची ओळ काढून घेतली की आपल्या रचनेत फारसं काही उरत नाही.

त्यात संगणकावरच्या तयार आवाजांची भर. त्यांत स्पिकाटो, ट्रेमोलो, पिझिकाटो हे वादनप्रकार उत्तम मिळतात. लेगॅटोही एका सुरावरून दुसऱ्यावर सफाईनं जातो, पण मधल्या श्रुतींवर रेंगाळत नाही. पिच-बेंडनं मींड ओढली तर सगळा ताफा एकदम सरकतो. खरे वादक केसभर मागंपुढं असतात आणि त्यानंच त्या आवाजाला अंग येतं. निदान एक जिवंत व्हायोलिन, तीच ओळ चार-पाचदा वाजवून, या आवाजांवर चढवावं. तेवढ्यानंही फरक पडतो.

थरांची विद्या मात्र आपल्याला परकी नाही. आपल्याकडच्या कुस्तीच्या फडात हलगी वाजते ती ऐकावी. पैलवान एकमेकांना जोखत असतात तोवर ठेका संथ फिरत राहतो, कितीही वेळ. पकड बसली की लय चढते, सोबतच्या घुमक्याचा जोर वाढतो. कुस्ती सुटली की वादक पुन्हा खाली येतो. कुस्ती केव्हा निकाली होणार हे त्याला ठाऊक नसतं, तरी त्याचं वादन कुठंच तुटत नाही. तो ठेका चेलोच्या आखूड, कोरड्या आघातांवर बसवावा, घुमक्याची जागा डबल बेसला द्यावी आणि व्हायोलाला पहिल्यांदाच स्वतःची चाल लिहून द्यावी. व्हायोलिनांची ओळ सगळ्यात शेवटी लिहावी.