हात कुठून काढायचे? : पक्षी, माणूस आणि मधला सांधा

आजचा विषय ऐकून काही जणांनी मला आधीच विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, हे चित्रकलेचं काय काढलंत मध्येच? तर दोष माझा नाही, माझ्या नातीचा आहे. ती टॅबवर चित्रं काढते. महिन्यापूर्वी ती एक पक्षीमुलगी काढत होती. डोकं साळुंकीचं, अंगात शाळेचा गणवेश, पाठीला पंख, खांद्यावर दप्तर. मध्येच थांबून तिनं मला विचारलं, "आजोबा, पंख पाठीतून आले तर हात कुठून काढू? आणि हात काढले तर पंख कशाला?"

मी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. इतका नेमका प्रश्न मला फार कमी विद्यार्थ्यांनी विचारला. (हशा) त्या वेळी उत्तर देता आलं नाही, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

आधी एक साधी गोष्ट बघा. चिऊ-काऊची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्यातली चिऊ घरात बसून काय काय करते? बाळाला न्हाऊ घालते, पुसते, तीट लावते, आणि काऊला दाराबाहेर ताटकळत ठेवते. आता मला सांगा, तीट कशानं लावते? चोचीनं? पंखाच्या टोकानं? लहानपणी आपल्यापैकी एकानं तरी हे आईला विचारलं होतं का? नाही. कारण शब्दांत सांगताना सांधा दाखवावा लागत नाही. 'चिऊनं तीट लावली' एवढ्या वाक्यात चिऊ पूर्ण चिमणी राहते आणि पूर्ण आईही होते. पण याच गोष्टीचं चित्राचं पुस्तक काढायला बसा, म्हणजे चित्रकाराला पहिल्याच पानावर ठरवावं लागतं. बहुतेक चित्रकार काय करतात? चिऊला लुगडं नेसवतात. लुगडं म्हणजे या अडचणीवरची युक्ती आहे. खांदा झाकला, कंबर झाकली, सांधा दिसत नाही. चित्रकार सुटला.

ही युक्ती आपली एकट्याची नव्हे. प्राचीन इजिप्तमध्ये ससाण्याच्या डोक्याचा होरस आणि आयबिसच्या डोक्याचा थॉथ आहे. माणसाच्या मानेवर पक्ष्याचं डोकं बसवायचं तर जोड विद्रूप दिसायला हवा, पण तो दिसत नाही. का? डोक्यावरून खांद्यांपर्यंत उतरणारा केसांचा भरघोस टोप दोघांच्याही डोक्यावर चढवलेला असतो. जोड बरोबर त्या टोपाखाली जातो. आणि त्याच लोकांनी उलटही करून ठेवलं. त्यांच्याकडे 'बा' नावाची कल्पना आहे, मेलेल्या माणसाचा थडग्यातून ये-जा करणारा अंश. तिचं शरीर पक्ष्याचं आणि डोकं माणसाचं. म्हणजे देवाला डोकं पक्ष्याचं आणि मृत माणसाला धड पक्ष्याचं. हा खेळ नाही, निवड आहे. मेलेला 'कोण' होता हे महत्त्वाचं, म्हणून चेहरा माणसाचा ठेवला. त्याला उडता यायला हवं, म्हणून धड पक्ष्याचं. सांधा कुठे घातला यावरून 'माणूस' म्हणजे नेमका कोणता भाग, याबद्दलचं त्या समाजाचं मत कळतं.

आता थोडा न्याय. घाबरू नका, दोन मिनिटंच. नैयायिक म्हणतात, शब्दाच्या अर्थात तीन गोष्टी येतात: व्यक्ती, आकृती आणि जाती. आकृती म्हणजे अवयवांची ती मांडणी, जिच्यावरून जात ओळखू येते. गळ्याची पोळी, शिंगं, शेपूट यांवरून गाय. मग ज्याची आकृती दोन जातींकडे बोट दाखवते त्याचं काय करायचं? सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या मुक्तावलीत ही अडचण खरोखर येते, नरसिंहाच्या शरीराच्या निमित्तानं. नरसिंह एकच. एकाच व्यक्तीवर 'नरसिंहत्व' नावाची जात उभी करता येत नाही, कारण जातीला अनेक व्यक्ती लागतात. यावर उत्तर काय दिलंय? दर कल्पात नरसिंह वेगळा होतो, म्हणून शरीरं अनेक, म्हणून जात सिद्ध! माझ्या तरुणपणी मला हे हास्यास्पद वाटायचं. आता वाटत नाही. तो माणूस 'अर्धा सिंह, अर्धा नर' असं म्हणून मोकळा व्हायला तयार नाही, हे त्यातलं महत्त्वाचं. त्याला ते शरीर एकसंध हवं आहे. चांगल्या चित्रकारालाही हेच हवं असतं. वाईट चित्रात दोन अर्धुकं शेजारी उभी असतात.

आणि इथे मला आपल्या कॅलेंडरातल्या गरुडाबद्दल बोलायचं आहे. कुणाच्या भावना दुखावायच्या नाहीत, पण ते चित्र मला फसलेलं वाटतं. व्यायामशाळेतला एखादा पैलवान घ्या, नाक थोडं बाकदार करा, पाठीला दोन पंख टाचा, झाला गरुड. त्या पंखांना हलवणारे स्नायू कुठे आहेत? कबुतराची छाती बघा, पुढे नावेच्या तळासारखं हाड आलेलं असतं आणि उडण्याचे सगळे मोठे स्नायू त्याला धरून असतात. कॅलेंडरातल्या गरुडाचे पंख नाटकातल्या पंखांसारखे, पडदा पडला की काढून ठेवायचे.

पण जुन्या मूर्तिकारानं गरुडाला माणसाचं अंग दिलं, त्याला कारण होतं, तेही सांगायला हवं. मध्य प्रदेशात एरण इथे बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन ४८४-८५ चा स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर पाठीला पाठ लावलेला दुहेरी गरुड. अंग माणसाचं, हातात साप. तो गरुड आहे हे आपण चोचीवरून ओळखत नाही, त्या सापावरून ओळखतो. आणि आपल्याकडच्या विष्णुमंदिरांत गरुड कसा असतो? देवासमोर गुडघा टेकून, हात जोडून. आता पक्ष्याला हात जोडता येत नाहीत आणि त्याला गुडघाही टेकता येत नाही. पक्ष्याचा जो सांधा आपल्याला उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. म्हणजे भक्ती दाखवायची तर माणसाचे हात आणि माणसाचे पाय लागलेच. हात शोभेसाठी आले नव्हते, नमस्कारासाठी आले.

हात काढून घेतल्यावर काय होतं, याचं मला सापडलेलं सगळ्यांत चांगलं उदाहरण इंडोनेशियाचं आहे. तिथल्या राष्ट्रचिन्हावर गरुड आहे. जावामध्ये ही परंपरा जुनी. अकराव्या शतकातल्या ऐरलंग राजाची गरुडारूढ विष्णुरूपातली मूर्ती प्रसिद्ध आहे. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, सुलतान हमीद दुसरे यांनी चिन्हाचा आराखडा केला. सुरुवातीच्या आराखड्यात गरुडाला माणसाचे हात होते, आणि त्या हातांनी त्यानं ढाल धरली होती. त्यावर हरकत आली, की हे फार पौराणिक वाटतं, सगळ्यांचं चिन्ह वाटत नाही. मग हात काढले. पण हात काढल्यावर ढाल कुठे ठेवायची? ती साखळीनं गळ्यात अडकवली. आज तुम्ही ते चिन्ह बघा, पक्षी पूर्ण पक्षी आहे आणि ढाल छातीवर लटकते आहे. माणूसपण मग कुठे गेलं? ते पिसांच्या मोजणीत गेलं. प्रत्येक पंखाला १७ पिसं, शेपटीला ८, ढालीखाली शेपटीच्या मुळाशी १९, मानेवर ४५. म्हणजे १७ ऑगस्ट १९४५, त्यांच्या स्वातंत्र्याच्या घोषणेचा दिवस. पक्ष्याच्या अंगावर माणसांचा इतिहास लिहिला, आणि तरी पक्षी बिघडला नाही. कॅलेंडरवाल्यांनी हे बघायला हवं होतं.

नातीच्या प्रश्नाचं एक उत्तर शरीरशास्त्रात आहे, ते पटकन सांगतो. पंख हाच पक्ष्याचा हात आहे. दंडाचं हाड, कोपर, मनगट, सगळं तिथे आहे. बोटं तेवढी कमी आणि जुळलेली, आणि अंगठ्याच्या जागी छोटासा पिसांचा झुपका. पाठीत पंख आणि शिवाय हात दिले की अवयव सहा होतात, आणि पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याला सहा नसतात. १९३४ मध्ये पडद्यावर आलेल्या डोनाल्ड डकच्या चित्रकारांनी हे बरोबर हेरलं. पंखाच्या टोकाची पिसंच त्याची बोटं. पण चोचीला मात्र त्यांनी ओठ केलं, वाकवलं, रागावलं की आतून दातही काढले. ते मला पटत नाही. चोच वाकत नाही, हीच तर पक्ष्याच्या चेहऱ्याची गंमत. कावळा तुमच्याकडे बघतो तेव्हा मान तिरकी करतो, कारण त्याचे डोळे बाजूला आहेत. त्याचा सगळा अभिनय मानेत आणि पिसांत. घुबडाचे डोळे समोर, म्हणून घुबडाला माणूस करणं सोपं, आणि म्हणूनच सगळे घुबडंच काढतात.

आता जटायू. हा विषय काढायचं माझं खरं कारण हेच. रविवर्म्यानं जटायू काढला, आणि त्याच्या छापखान्यानं, जो १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला, असली चित्रं घराघरांत पोचवली. त्या चित्रात रावणाच्या एका हातात तलवार आहे, दुसऱ्या हातानं त्यानं सीतेला धरलंय, तिनं तोंड झाकून घेतलंय, आणि समोर पंख तुटलेला जटायू. तो पूर्ण पक्षी आहे. हात नाही, माणसाचं नाक नाही, मुकुट नाही. रविवर्म्याच्या बाकीच्या चित्रांतला नाटकीपणा मला पुष्कळदा सोसत नाही, पण इथे त्यानं मोह आवरला आहे. जटायूला माणसाचं धड दिलं असतं, तर ती दोन योद्ध्यांची मारामारी झाली असती. इथे ज्याच्याकडे शस्त्र धरायला हातच नाही, असा एक म्हातारा मध्ये पडतो.

आपल्याकडे असंही पुष्कळ लिहिलं गेलंय की जटायू हा पक्षी नव्हताच, पक्ष्याचं चिन्ह मिरवणाऱ्या एखाद्या टोळीतला माणूस होता. मीही एके काळी वर्गात हे मोठ्या उत्साहानं सांगत असे. त्या वेळी मला ते पुरोगामी वाटायचं. आज वाटतं, मी एक चूक शिकवली. वाल्मीकीत राम त्या गिधाडाचं दहन करतो, त्याला पाणी देतो, आपल्या बापाइतका मान देतो. तो माणूस होता असं ठरवलं, की यातलं सगळं सोपं होऊन जातं. माणसानं माणसाला अग्नी दिला, त्यात काय? कठीण आहे ते हे, की समोर चोच आहे, पिसं आहेत, आणि तरीही राम त्याला 'कोणीतरी' मानतो, 'काहीतरी' मानत नाही.

आणि हे आपण रोज करतो. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. दीड तास गेला. माझे काका, आयुष्यभर देवळाची पायरी न चढलेले, उठले आणि हात जोडून त्या झाडाकडे बघून म्हणाले, "दादा, आक्कीच्या लग्नाचं मी बघतो." तिथे कुणाच्या मनात त्या कावळ्याचा चेहरा माणसाचा झाला नव्हता. तो काळा, मान तिरकी करून बघणारा कावळाच होता. थोड्या वेळानं तो आला. तो का आला, यावर मी काही म्हणणार नाही, मी तर्कशास्त्र शिकवलं आहे. पण काकांनी त्याला हात, नाक, डोळे काहीही न देता त्याच्याशी बोलणं केलं, आणि आक्कीचं लग्नही लावून दिलं.

नातीला मी यातलं अर्धंच सांगितलं. तिनं शेवटी हात खोडून टाकले. पंख खांद्याला आणले. मग दप्तराचा प्रश्न आला, तर तिनं पट्टा लांब करून ते गळ्यात अडकवलं. इंडोनेशियाची गोष्ट मी तिला तोवर सांगितलेली नव्हती. पायाचा सांधा मात्र अजून चुकलाय, गुडघा पुढे वाकलेला. येत्या रविवारी बसू म्हणाली.